डावा शाफ्ट

लातूर जिल्हा झाला आणि मी नांदेड सोडून तिथं आलो. बरोबर एक जुना लेथ होता, आयटीआयचं सर्टिफिकेट होतं आणि डोक्यात भलतीच हवा होती. नवा जिल्हा म्हणजे नवी कलेक्टर कचेरी, नवे साहेब, नव्या जीपगाड्या, आणि गाड्या आल्या की त्या मोडणारच, असा माझा सरळ हिशेब होता. जीपा आल्या. पाऊस मात्र यायचा थांबला. पहिल्या वर्षी कमी पडला, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी, तिसऱ्या वर्षी नक्षत्रं नुसती आली आणि गेली. शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, तेही गढूळ. औसा रस्त्याला माझं पत्र्याचं शेड होतं, तिथं तर नळच नव्हता. मी घरून एक कळशी सायकलला अडकवून आणायचो आणि तीच संध्याकाळपर्यंत पुरवायचो.

त्या तिसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणलेली एक परदेशी मोटार शेडपुढं येऊन थांबली. आठ सिलिंडरचं इंजिन, आणि नाक एवढं लांब की गाडी शेडमध्ये घेतल्यावर मागचा अर्धा भाग उन्हातच राहिला. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावचे मोठे बागायतदार तिचे मालक. सगळे त्यांना मालकच म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागलो. हैदराबादेत कुणा नवाबाच्या घरून त्यांनी ती उचलली होती आणि तिच्या वेगाचं त्यांना पन्नाशीतही वेड होतं. एसटीला मागं टाकलं की चार दिवस पारावर तोच विषय चालतो, असं त्यांच्या ट्रॅक्टरवाल्यानंच मला हळूच सांगितलं.

दुखणं मागच्या एक्सलचं होतं. मूळचा एक्सल हैदराबादेतच कामातून गेलेला आणि तिथल्या कुणा कारागिरानं त्या जागी एका लहान गाडीचा एक्सल बसवून दिलेला. इंजिन हत्तीचं आणि मागचे पाय शेळीचे. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा जो पोलादी दांडा असतो, ज्याला आम्ही शाफ्ट म्हणतो, तो वर्षभरात दोनदा तुटला होता. जरा चढ आला, जरा पाय दाबला, की कट्‌ असा आवाज आणि गाडी जागेवर. इंजिन बोंबलत राहायचं आणि चाकं ढिम्म हलायची नाहीत.

मालकांनी गरज सांगितली ती मात्र वेगाची नव्हती. त्यांची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लातूरच्या डॉक्टरणीनं तपासून सांगितलं होतं की मूल आडवं आहे, घरी सुईणीच्या हाती देऊ नका, कळा सुरू झाल्या की तासा-दीड तासात इथं पोचा. आधीच लातुरात आणून ठेवावं तर नातेवाइकांच्या घरी प्यायलाच पाणी नव्हतं, मग बाळंतिणीला आणि बाळाला कुठून आणणार. गावाला एसटी दोन वेळा यायची. आणि भाड्याच्या जीपा जिल्हा झाल्यापासून सगळ्या कचेरीच्या दारात उभ्या, त्यात दुष्काळी कामं, टँकर, साहेबांचे दौरे. तेव्हा हातात होती ती हीच मोटार. मूळ एक्सल परदेशातून मागवायचा तर आधी बाळ चालायला लागलं असतं, आणि किंमत ऐकून मालकांचाही घसा कोरडा पडला होता. दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केले होते.

मी म्हणालो, भंगारातून करून देतो. नव्याच्या पाव किमतीत, आणि मूळच्यापेक्षा दणकट. ही फुशारकी नव्हती, काम मला येत होतं. मालकांनी गाव विचारलं, मी हिमायतनगरकडचं सांगितलं. मग आडनाव विचारलं. ते सांगितल्यावर ते हूं म्हणाले आणि पुन्हा एक्सलचंच बोलायला लागले. आम्ही बौद्ध. तो हूं मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला होता की त्याचा राग करायचाही मला आळस येत असे.

नांदेडच्या भंगार बाजारात मला लष्कराच्या लिलावातल्या ट्रकचा एक्सल मिळाला. तो रुंद होता म्हणून दोन्ही बाजूंनी कापून, मधून मोजून, पुन्हा वेल्डिंगनं जोडला. ट्रकचे शाफ्ट जाड होते, ते अंगभर उतरवून बारीक केले, लांबी कमी केली आणि टोकाला नवे दात पाडून घेतले. हे दातांचं काम मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांच्या कारखान्यात झालं. ते म्हातारे गृहस्थ शाफ्ट हातात घेऊन म्हणाले, काम साफ आहे, पण आता हे मेणासारखं झालं. त्यांचं म्हणणं खरं होतं. पोलादाचं कडकपण असतं ते वरच्या सालीत, आणि ती साल मी लेथवर सोलून काढली होती. आता शाफ्ट लालबुंद तापवून पाण्यात बुडवायचा, म्हणजे नवी साल धरते. लोहार त्याला पाणी देणं म्हणतात. उस्तादांनी निघताना पुन्हा बजावलं, "सीधा उतारना, पूरा उतारना, एक दम में." लांब दांडा तिरपा बुडाला किंवा एका अंगानं आधी गार झाला तर तो वाकतो, आणि कधीकधी आतून चिरतो. ती चीर डोळ्यांना दिसत नाही.

पाणी तिथंच देऊन टाकायला हवं होतं, नांदेडला गोदावरी होती. पण आधी शाफ्ट गाडीत बसवून माप पाहायचं होतं, आणि ते पाहिल्यावर पुन्हा नांदेडला जायला दोन दिवस मोडणार. मालकांकडे दिवस नव्हते. ते म्हणाले, गाडी ओढून गावाकडं नेतो, तिथं कोळसा आहे, लोहाराची भट्टी आहे, आणि विहिरीला अजून पाणी आहे. मीही हो म्हणालो. लातुरात एक पिंपभर पाणी मागायचं म्हणजे एका घराचा आठवडा मागण्यासारखं होतं.

जाताना मी माझं स्वतःचं पिंप टेम्पोत टाकून नेलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझे वडील कुठंही कामाला जाताना आपला जर्मनचा तांब्या पिशवीत घालून न्यायचे, म्हणायचे, आपलं भांडं असलं म्हणजे कुणाचं तोंड बघावं लागत नाही. मी त्यांना हसायचो. जिल्ह्याच्या गावात लेथ टाकून बसलेला शिकलेला मुलगा मी, आणि मीही तेच केलं. पिंप रस्त्याच्या दुष्काळी कामावरचं होतं, डांबराचं, रिकामं. आतून घासून घेतलं होतं, पण बुडाच्या सांध्यात डांबर राहिलं होतं. ते काढलं असतं तर सांधा गळला असता, म्हणून राहू दिलं. गरम पाण्यानं डांबर पातळ होतं हे कळायला आयटीआयचं सर्टिफिकेट लागत नाही. तरी मला सुचलं नाही.

मालकांच्या शेतातल्या घरासमोर मोठं अंगण होतं. एका कडेला विहीर, तिला लागून कमरेएवढ्या उंचीचा, तेवढाच खोल दगडी हौद. मोटर लावून सकाळी अर्धा तास जे पाणी निघायचं ते त्या हौदात साठवायचं आणि माणसं, गुरं, सगळ्यांनी दिवसभर तेच वापरायचं. मी गेल्या गेल्या पाणी मागितलं तर गड्यानं तांब्या उंच धरून माझ्या ओंजळीत ओतलं. मी प्यालो, तहान लागली होती. त्यात अपमान वाटायचा तो नंतर, घरी गेल्यावर वाटतो.

भट्टी पेटवत होतो तेव्हा मालकांची लेक ओसरीवर येऊन उभी राहिली. दिवस अगदी भरत आलेले, पायांना सूज. लातूरच्या कॉलेजात दोन वर्षं शिकलेली, बोलायला मोकळी. शाफ्ट म्हणजे नेमकं काय, तो का तुटतो, तापवल्यानं काय होतं, सगळं तिनं विचारून घेतलं. असे प्रश्न मला तोवर कुणा गिऱ्हाइकानं विचारले नव्हते. मीही हुरूपानं शिकवत बसलो. शेवटी आत जाताना ती म्हणाली, "नीट करा बरं का दादा. त्यात मीच बसणार आहे."

गड्यांनी मला माझं पिंप भरून दिलं, तेही वरूनच, लांबून. पहिला शाफ्ट पिकल्या मिरचीच्या रंगावर आला. सांडशीत धरला, उभा केला आणि एका दमात सरळ पिंपात उतरवला. पाणी गरजलं, वाफेनं तोंड भाजलं. बाहेर काढून कानस फिरवली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली. चारी अंगांनी सारखा कडक. त्या दिवशी उस्ताद तिथं असते तर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली असती. तो उजवा शाफ्ट.

दुसरा भट्टीत लाल होत होता आणि मी वळून पाहिलं तर अंगण ओलं. पिंपाचं बूड सुटलं होतं. मी पळत गेलो, चिंधी कोंबली, काही उपयोग नव्हता. बघता बघता सगळं पाणी मातीत गेलं, आणि त्या मातीला त्याची इतकी तहान की क्षणभर चिखलसुद्धा दिसला नाही. भट्टीतला शाफ्ट आता काढायला हवा होता, जास्त राहिला तर पोलाद करपतं. मी तो सांडशीत धरला आणि पाय आपोआप हौदाकडे वळले. सहा-सात पावलांवर तर होता, काठोकाठ भरलेला, हवा तेवढा खोल.

"थांब," मालक म्हणाले. "हौदात न्हाई. गडी वरून वततोय."

आवाज चढलेला नव्हता. रागही नव्हता. जेवायला बसलेल्याला इकडं नको, तिकडं बस म्हणावं तसं ते म्हणाले. मला कारण विचारायची गरज नव्हती. माझ्या हातातलं त्या हौदात गेलं की ते पाणी त्या घराला चाललं नसतं, आणि दुष्काळात सगळा हौद उपसून पुन्हा भरायचा कुठून. हातात ते धगधगतं पोलाद घेऊन मी उभा. लाली उतरत चालली होती. तोंडातून शब्द काय निघावा, तर "हाव मालक."

तो हाव मी किती वेळा परत बोलून पाहिला आहे, वेगवेगळ्या आवाजात, एकटा असताना. त्या वेळी मी सव्वीस वर्षांचा होतो, माझ्या खिशात सर्टिफिकेट होतं, आणि पोलादाबद्दल त्या अंगणात माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. तरी तो हाव माझ्या आधी माझ्या तोंडानं म्हटला. गड्यानं बादली आणली, मी शाफ्ट आडवा धरला, त्यानं लांबून ओतलं. पाणी वरच्या अंगावर पडलं, खालचं अंग तसंच लाल राहिलं. मी फिरवायला गेलो तोवर बादली संपली. दुसरी येईपर्यंत खालचं अंग आपसूक काळं पडलं.

गार झाल्यावर कानस लावली. एका अंगानं घसरली, दुसऱ्या अंगाला मऊ लोखंडात रुतावी तशी रुतली. शाफ्ट केसभर वाकलाही होता. मला सगळं दिसत होतं. तो भट्टीत टाकून मऊ करायचा, घरी न्यायचा, नवं पिंप बघायचं आणि दोन दिवसांनी पुन्हा पाणी द्यायचं, एवढंच करायला हवं होतं. तसं बोलायचं तर कारण सांगावं लागणार होतं, आणि कारण सांगणं म्हणजे त्या अंगणात, त्या माणसांसमोर, तुमच्या हौदामुळं असं म्हणणं. मला त्याची लाज वाटली. लाज त्यांना वाटायला हवी होती, वाटली मला. मी हातोडीनं ठोकून शाफ्ट सरळ केला. मनाशी म्हणालो, एकदाच तर लातूरला जायचं आहे, गाडी काही शर्यतीत पळवायची नाही. मालकांनी जमलं का विचारलं, मी जमलं म्हणालो.

संध्याकाळपर्यंत एक्सल बसवला. मालकांनी मला शेजारी नाही, मागच्या सीटवर बसवून निलंग्यापर्यंत चक्कर मारली. गाडी काय पळाली ती. दोन्ही बाजूंच्या करपलेल्या रानातून धुरळ्याचा लोट मागं सोडत ती अशी निघाली की मालक तोंड फाकवून हसत होते, आणि खोटं कशाला सांगू, मीही हसत होतो. आपल्या हातचं काम पळताना पाहण्यासारखं सुख दुसरं नाही. परत आल्यावर त्यांनी गड्यांसमोर म्हटलं की पोराच्या हातात कसब आहे. मी फुगलो. डाव्या शाफ्टचा मला पार विसर पडला असं नाही, पण मी तो मागं ढकलला.

नवव्या दिवशी भर दुपारी तिच्या कळा सुरू झाल्या. पुढचं मला त्यांच्या ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं, तो त्या दिवशी गाडीत होता. मालक स्वतः चालवत होते, मागं लेक आणि तिची आई. निम्म्याहून जास्त वाट चांगली गेली. औशाच्या अलीकडं एक चढ आहे, तिथं मालकांनी पाय दाबला आणि तो आवाज आला. इंजिन ओरडत राहिलं, गाडी जागेवर. सावलीला झाड नव्हतं. दोन मोटारसायकली आल्या, एक बैलगाडी आली, त्यांचा काय उपयोग. बऱ्याच वेळानं लातूरकडून पाण्याचा टँकर आला. तो भरलेला होता, एका गावात त्याची वाट बघत बाया घागरी मांडून बसलेल्या असणार. ड्रायव्हर भला माणूस, त्यानं तिला वर केबिनमध्ये घेतलं आणि टँकर वळवला. पाणी सोडून दे, हलकी होऊन गाडी पळेल, असं मालक म्हणाले. सोडायची चकती गंजून घट्ट बसली होती. ती भरल्या टँकरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं, लातूरला पोचली.

डॉक्टरणीनं लगोलग पोट चिरून काढलं म्हणून मूल वाचलं. ती मात्र त्याआधीच, दवाखान्याच्या पायरीवरच गेली होती.

हे सांगून ट्रॅक्टरवाला निघून गेला आणि मी लेथ चालू केला. लेथवर काही लावलेलं नव्हतं, नुसता फिरत होता. मला वाटलं आता माणसं येतील, शेड जाळतील, मला मारतील. खरं सांगतो, तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. कुणी आलं नाही. मी रोज शेड उघडत होतो, बसत होतो, आलेली कामं परत पाठवत होतो.

पंधरा-सोळा दिवसांनी मालक आले. एसटीनं आले होते, एकटे. दाढी वाढलेली, काखेत पोतं. मी खुर्ची पुढं केली, ते बसले. पोत्यातून त्यांनी शाफ्टचे दोन तुकडे काढून माझ्या बाकावर ठेवले आणि तुटलेली तोंडं माझ्याकडं केली. मी उचलायच्या आधीच मला दिसलं होतं. एका बाजूचा चंद्रकोरीएवढा भाग काळपट, जुना, बाकीचा चकचकीत, ताजा तुटलेला. काळा भाग म्हणजे चीर. ती त्या अंगणातच पडली होती आणि नऊ दिवस आत बसून होती.

"काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

पोलादच खराब निघालं म्हणून सांगता आलं असतं. भंगारातला माल, कोण खात्री देणार, त्यांनी मानलंही असतं. मी पहिल्यांदाच त्यांच्याशी नीट बोललो. पाणी चारी अंगांनी एकदम लागावं लागतं, ते एका अंगानं पडलं, दुसरं अंग उशिरा गार झालं, त्या ओढाताणीत आत चीर पडली, असं सगळं बोट ठेवून दाखवलं. उजवा शाफ्ट बुडवलेला होता, तो अजून शाबूत असेल, हेही सांगितलं. आणि मला हे त्याच दिवशी कळलं होतं, कानस लावली तेव्हाच, हेही लपवलं नाही. ते ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मारायला उठल्याचा भाव आला, मी वाट पाहिली, तो गेला.

"मग तवाच का न्हाई बोललास?"

बोलायला हवं होतं. एक बाई त्या दांड्यावर जीव ठेवून बसणार होती, तिनं मला दादा म्हटलं होतं, आणि मी माझी लाज सांभाळत बसलो. ते सगळं माझंच आहे आणि मी ते कुणावर ढकलत नाही. पण त्या क्षणी माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"बोललो असतो, तर हौदात बुडवू दिला असता का?"

मालकांनी तुकड्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला. रस्त्यानं दोन ट्रक गेले, शेडचा पत्रा थरथरून थांबला. त्यांना हो म्हणता आलं असतं. हो म्हणायला आता काहीच लागत नव्हतं, आणि तेवढ्यानं सगळा भार जन्मभरासाठी माझ्या एकट्याच्या डोक्यावर आला असता. ते खरंच विचार करत होते. लेकीचा बाप म्हणून स्वतःला त्या अंगणात परत उभं करून बघत होते.

"न्हाई," ते म्हणाले. "तवा न्हाई दिला असता."

मग त्यांनी रिकाम्या पोत्याची घडी घातली, काखेत मारली आणि निलंग्याच्या गाडीसाठी स्टँडकडं चालत गेले.